उपनगरांतील पाण्याचे गुरुजी

मुंबईच्या उपनगरांत जाऊन पाहण्यासारखें असें काय आहे, हा प्रश्न आमच्या गांवाकडील स्नेह्यांनीं आम्हांस पुष्कळदां केला आहे. बोरीवलीचीं कान्हेरी लेणीं आणि पवईचें तळें सांगून झालें कीं उत्तर संपतें. परंतु गेल्या दोन वर्षांत मुलुंडापासून बोरीवलीपर्यंत आम्हीं एक निराळीच यात्रा केली, आणि तिला निमित्त झालें आमच्या घरांतील तीन नातवंडांचें पोहणें. ह्या यात्रेंत देवळें नव्हतीं, तलाव होते; आणि दर तलावाच्या कांठीं गळ्यांत शिट्टी अडकवलेला एक पुजारी उभा होता. हे पुजारी कोठून आले, पाण्याशीं त्यांची ओळख कशी झाली, आणि घरचें मूल त्यांच्या हवालीं करतांना वडील माणसांनीं काय पाहावें, ह्याविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडाव्यात असा ह्या लेखाचा हेतु आहे.

आमचें बिऱ्हाड मुलुंडास थोरल्या चिरंजिवांकडे आहे. मुलुंडाच्या पश्चिमेस डोंगर, आणि डोंगरापलीकडे मुंबईकरितां बांधलेलीं तळीं. विहार तलाव १८६० सालीं, तुळशी १८७९ सालीं आणि पवई १८९१ च्या सुमारास पुरा झाला. पूर्वेस ठाण्याची खाडी आहे, आणि पश्चिम उपनगरांच्या उशाशीं तर प्रत्यक्ष अरबी समुद्र. म्हणजे पाण्यास तोटा नाहीं. परंतु मुलास निर्धास्तपणें पोहावयास सोडावें अशी जागा मात्र नाहीं. विहार-तुळशीवर पहारा, पवईंत मगरी, खाडींत कमरेइतका चिखल, आणि जुहू-वेसाव्याच्या किनाऱ्यास ओहोटीची ओढ. उरल्या त्या डोंगराच्या पायथ्याच्या जुन्या दगडखाणी. पावसाळ्यांत त्या हिरव्या पाण्यानें भरतात, उनाड मुलें तिकडे वळतात, आणि मग वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यांत दोन ओळींची बातमी येते. देशांत बुडून मरणाऱ्यांची सरकारी नोंद अलीकडे प्रतिवर्षीं तीस हजारांच्या वर गेली आहे. ज्या घरांत मुंजीपूर्वीं अथर्वशीर्ष पाठ झालेंच पाहिजे असा दंडक असतो, त्या घरांत मुलास पोहतां आलेंच पाहिजे असा आग्रह क्वचितच दिसतो, ह्याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें.

मुलुंडाच्या प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील तलाव आणि अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडासंकुलांतील तलाव, हे दोन्ही महापालिकेच्या ललितकला व क्रीडा प्रतिष्ठानाच्या व्यवस्थेखालीं आले. संस्थेचें नांवच असें असल्यामुळें मुलुंडास तलावाच्या शेजारीं महाकवि कालिदासांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. नातू पाण्यांत हातपाय झाडीत असतां आजोबांस नाटकांच्या जाहिराती वाचीत बसण्याची ही सोय दुसरीकडे कोठें आमच्या पाहण्यांत नाहीं. कांदिवलीस सरदार वल्लभभाई पटेलांच्या नांवाचा तलाव आहे, चेंबुरास जनरल अरुणकुमार वैद्यांच्या नांवाचा आहे. आणि अलीकडे अंधेरीच्या कोंडिविट्यास, विक्रोळीच्या टागोरनगरांत असे नवेहि झाले. उन्हाळ्याच्या सुटींत महापालिका एकवीस दिवसांचे वर्ग काढते. एकवीस दिवसांत संस्कृतांतील एक विभक्तिहि नीट होत नाहीं, असा आमचा छत्तीस वर्षांचा अनुभव. पण पोहण्याची गोष्ट निराळी आहे असें तेथील मास्तर म्हणतात. एकवीस दिवसांत पाण्याची भीति जाते, आणि ती गेली कीं उरलेलें शास्त्र मागाहून येतें.

आमच्या नातवास प्रथम पाण्यांत उतरविलें तें नौदलांतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थानें. वय पंचावन्नाच्या आसपास, मिशा आंखूड कातरलेल्या, आणि आवाज असा कीं पलीकडच्या कांठावरील आजीनेंहि दचकावें. आम्हीं सहज गांव विचारलें, तों निघालें सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत! जेथें प्यावयाच्या पाण्याची मारामार, तेथें हे पोहावयास कसे शिकले? त्यांच्या मळ्यांत एक विहीर होती, आणि पाऊस बरा झाला तर दिवाळीपर्यंत तींत दोन पुरुष पाणी राहत असे. तेवढ्या चार महिन्यांत गांवचीं पोरें मुटके मारमारून पाणी गढूळ करीत आणि बायकांच्या शिव्या खात. नौदलांत भरती होईपर्यंत त्यांनीं समुद्र पाहिला नव्हता. पोहतां येतें असें मोठ्या ऐटीनें सांगितलें, परंतु पहिल्याच दिवशीं तेथील शिक्षकानें त्यांस पाण्याबाहेर बोलाविलें आणि म्हटलें, “ह्याला पोहणें नाहीं म्हणत. ह्याला न बुडणें म्हणतात.”

ह्या एका वाक्यांत दोन विद्यांमधील अंतर आलें. विहिरींत शिकलेला मनुष्य मान वर धरून पोहतो. मान वर आली कीं कंबर खालीं जाते, पाय लोंबकळतात, आणि शरीर पाण्याशीं आडवें होण्याऐवजीं तिरपें होऊन पाणी ढकलीत राहतें. दहा हात जावयाचें तर हें चालतें. हजार हात जावयाचें तर दम तुटतो. तलावावरचा पहिला धडा म्हणून हाच कीं, तोंड पाण्यांत घालावें आणि श्वास तेथेंच सोडावा. जो पाण्यांत श्वास सोडतो त्यास वर आल्यावर तो घ्यावयास वेळ मिळतो. जो कोंडून धरतो तो वर येऊन सोडणें आणि घेणें हीं दोन्ही कामें एका क्षणांत करूं पाहतो, आणि पाणी पितो. नौदलाचे मास्तर पहिले तीन दिवस मुलांकडून नुसते बुडबुडे काढवितात. बाहेर बांकावर बसलेल्या मातोश्री मग आपसांत कुजबुजतात, “एवढी फी भरली ती बुडबुड्यांसाठीं का?” अक्षर गिरविण्यापूर्वीं मुलाकडून रेघा काढवून घेणाऱ्या आमच्यासारख्यास मात्र तो मनुष्य तेथेंच आवडला.

रडणाऱ्या मुलास हे गृहस्थ नेहमीं एक गोष्ट सांगतात, आणि ती खरी आहे. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यांत मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या आणि कमरेखालचें शरीर लुळें पडलें. मुंबईस नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयांत उपचार चालू असतां व्यायाम म्हणून त्यांस पाण्यांत उतरविण्यांत आलें. तोच मनुष्य १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक स्पर्धेंत ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून सुवर्णपदक घेऊन आला. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. मुंबईच्या राजाराम घागांनीं, पोलिओनें पाय गेलेले असतां, १९८८ सालीं इंग्लिश खाडी पार केली. गोष्ट संपली कीं मास्तर विचारतात, “तुझे दोन्ही पाय चालतात ना? मग मार लाथा!” मूल रडणें विसरून लाथा मारूं लागतें.

आम्ही स्वतः वाईस कृष्णेच्या घाटावर शिकलों. काकांनीं कमरेस दोन सुके भोपळे बांधले, आठ दिवसांनीं एक काढला, आणखी आठ दिवसांनीं दुसरा काढला आणि गंगापुरीच्या बाजूस बोट करून म्हणाले, “जा.” कोणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची सांगड वापरीत. शिकविणाऱ्यास वेतन नाहीं, शिकणाऱ्यास प्रमाणपत्र नाहीं. आतांची हातावर हात टाकून जाण्याची तऱ्हा तेव्हां घाटावर कोणास ठाऊक नव्हती. आणि ही तऱ्हा साहेबानें शोधली असें ज्यांस वाटतें त्यांनीं हेंहि ऐकावें कीं, १८४४ सालीं उत्तर अमेरिकेंतील दोन आदिवासी तरुणांनीं लंडन येथें असे हात फिरवून दाखविले, तेव्हां सभ्य इंग्रजांस तो प्रकार फारच रानटी वाटला. पुढें ट्रजन नांवाचा एक इंग्रज दक्षिण अमेरिकेंत असेंच पाहून आला आणि १८७३ सालीं त्यानें ती युक्ति शर्यतींत आणली. पायांची आतांची चाल दक्षिण समुद्रांतील बेटांवरील लोकांपासून ऑस्ट्रेलियामार्गें आली. तात्पर्य, ज्यांस रानटी म्हटलें तेच गुरु निघाले. हा प्रकार पुढें आम्हांस ह्याच प्रवासांत पुन्हां भेटावयाचा होता.

घाटकोपरास आमची कन्या राहते. तिच्या इमारतीच्या अंगणांत, मोटारींच्या तळघराच्या छपरावर, काजूच्या आकाराचा एक तलाव आहे. लांबी फार तर पंधरा मीटर. हल्लीं उपनगरांत अशा गगनचुंबी इमारतींचें पेंव फुटलें आहे, आणि घराच्या जाहिरातींत देवघराचा उल्लेख नसला तरी तलावाचा असतोच. तलाव आला म्हणजे शिकविणारा लागतो, आणि तो मिळतो कंत्राटानें. तेथील मास्तर रेल्वेंतून निवृत्त झालेले वॉटर पोलोचे खेळाडू. हा खेळ आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. खोल पाण्यांत, तळास पाय न लावतां, एका हातानें चेंडू फेंकावयाचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत आपला संघ प्रथम उतरला. १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें, आणि त्याच सामन्यांत बंगालच्या सचिन नागांनीं १०० मीटरचें सुवर्णपदकहि जिंकलें. पुढें रेल्वे, सेनादलें, पोलीस ह्यांनीं खेळाडूंस नोकऱ्या दिल्या, आणि ज्यास घरची शेती नाहीं व पुढें शिकावयास पैसे नाहींत अशा मुलास पोहणें हें पोटापाण्याचें साधन झालें. पोटापाण्याचें हा शब्द येथें अगदीं अक्षरशः घ्यावा.

ह्या रेल्वेच्या मास्तरांचे खांदे अजून दाराच्या चौकटीएवढे आहेत. सकाळीं साडेपांचास एका इमारतींत, सातास दुसरींत, सायंकाळीं तिसरींत, असे ते स्कूटरवरून फिरतात; मागच्या पेटींत ओला टॉवेल, शिट्ट्या आणि मुलांचे विसरलेले चष्मे. मे महिन्यांत आठ वर्ग, जुलैंत एकांत चार मुलें. सोसायटीच्या सभेंत त्यांचा विषय लिफ्टच्या दुरुस्तीनंतर आणि कुत्र्यांच्या तक्रारींच्या आधीं येतो. गेल्या वर्षीं एका चिटणिसांनीं त्यांच्या निम्म्या पैशांत एक पोरगा आणूं असें सुचविलें. आमच्या कन्येनें सभेंत उठून विचारलें, “तो पोरगा बुडणाऱ्या माणसाला बाहेर काढतो का, एवढं विचारलंत का?” कोणी विचारलें नव्हतें. मास्तर राहिले, परंतु आपणांविषयीं असा ठराव आला होता हें त्यांस कळलें, आणि त्यानंतर ते त्या इमारतींत पूर्वींसारखे पांच मिनिटें जास्त थांबत नाहींत. शिकवण्या करून पोट भरलेल्या कोणाहि शिक्षकास ह्याचें कारण सांगावें लागणार नाहीं.

घाटकोपराहून वेसाव्यापर्यंत जाणारी मेट्रो २०१४ सालीं सुरू झाली. सुमारें अकरा किलोमीटर. पूर्वीं ह्या आडव्या प्रवासास बसमधून दीड तास लागे आणि कंबर खिळखिळी होई. आतां वीस-बावीस मिनिटांत थंडगार डब्यांतून आझादनगरास उतरावें, तों अंधेरीचें क्रीडासंकुल चालत जाण्यासारखें. १९८८ सालीं तें उभें राहिलें. ऑलिंपिक मापाचा तलाव म्हणजे ५० मीटर लांब व २५ मीटर रुंद. दोन मीटर खोली धरली तर पंचवीस लाख लिटर पाणी झालें. हा हिशेब आम्हीं कांठावर बसून केला, कारण दुसरें करण्यासारखें कांहीं नव्हतें. शेजारचे सर्व पालक हातांत स्टॉपवॉच घेऊन आपापल्या मुलाच्या ओळीकडे टक लावून होते. नऊ वर्षांच्या मुलाची एक सेकंद कमी झाली कीं बापाच्या मुद्रेवर जो आनंद उमटतो, तो आम्हीं पूर्वीं फक्त मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीं पाहत असूं. तेथील कांहीं शिक्षक तरुण, राष्ट्रीय स्पर्धा पोहलेले, पाण्याखालीं कॅमेरा सोडून मुलाच्या कोपराचा कोन मोजणारे. त्यांचें ज्ञान मोठें आहे. मुलाचें नांव मात्र त्यांस वहींत पाहून घ्यावें लागतें.

येथें एका नांवाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कोल्हापूरचे वीरधवल खाडे २००८ सालीं बीजिंग ऑलिंपिकांत पोहले, आणि २०१० सालीं ग्वांगझौ येथील आशियाई सामन्यांत ५० मीटर फुलपाखरी प्रकारांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. १९८६ सालीं खजानसिंगांनीं सेऊल येथें रौप्यपदक घेतल्यानंतर चोवीस वर्षांनीं भारतास पोहण्यांत मिळालेलें हें पहिलें आशियाई पदक. पुढें सरकारनें त्यांस तहसीलदार केलें. त्यांची घडण झाली बंगळुरास, निहार अमीन ह्यांच्या हाताखालीं; अमीनांस २०१५ सालीं द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि तो यथायोग्यच मिळाला. पण अशा प्रत्येक मुलाच्या मागें, त्यास प्रथम पाण्यांत उतरविणारा, कोठल्याशा गांवच्या तलावावरचा एक मास्तर असतो. मूल चांगलें निघालें कीं तें मोठ्या गांवीं मोठ्या गुरूकडे जातें, जावेंच लागतें. आमच्या धंद्यांतहि हेंच आहे. बिगरीच्या मास्तरास कोणी पुरस्कार देत नाहीं.

ह्यानंतर ज्याच्याविषयीं लिहावयाचें तो तलाव अंधेरीपासून समुद्राकडे जातांना लागतो. तो सार्वजनिक नाहीं, आणि त्याचें नांव आम्ही देत नाहीं. तेथें आमच्या धाकट्या चिरंजिवांची मुलगी शिकते. तिचे मास्तर सव्वीस वर्षांचे कोळी तरुण. घर वेसाव्याच्या कोळीवाड्यांत, वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल. “तुम्हांस कोणीं शिकविलें?” ह्या आमच्या प्रश्नास ते गोंधळले. “शिकवलं नाय कुणी, गुरुजी. चालायला कुणी शिकवतं का?” प्रथम ते तलावावर जीवरक्षक म्हणून लागले, रात्रीं वर्ग सुटल्यावर दुसऱ्या शिक्षकांचें पाहून आपले हात सुधारले, खाडींत आणि समुद्रांत लांब पल्ल्याच्या शर्यती पोहले, आणि हळूहळू लहान मुलांचा वर्ग त्यांच्याकडे आला. त्यांची शिकविण्याची रीत कोणत्याहि पुस्तकांत नसावी. मुलास सांगतात, “पापलेटासारखा आडवा पसरूं नको, सुरमईसारखा हो.” आमच्या शुद्ध शाकाहारी नातीस दोन्ही मासे कसे दिसतात हें ठाऊक नव्हतें. तिनें घरीं येऊन चित्रें काढावयास सांगितलीं, तेव्हां घरांत थोडी पंचाईत झाली. शेवटीं चित्रें आम्हींच शोधून दिलीं.

एके दिवशीं सायंकाळीं आम्ही कांठावर बसलों होतों. उथळ बाजूस बाराचौदा मुलें दंगा करीत होतीं. किंकाळ्या, हंसणें, पाणी उडविणें सारखें चालू. दोन पालक आणि दुसरे एक शिक्षक तेथेंच दोन हातांवर बोलत उभे होते. इतक्यांत हे कोळी मास्तर, जे पलीकडच्या टोकास एका मुलाच्या टोपीचा बंद बांधीत होते, शिट्टी न वाजवितां, कांहीं न बोलतां, कपड्यांसकट पाण्यांत शिरले आणि त्या गर्दीच्या मधोमध एका सहा वर्षांच्या मुलाला वर उचलून घेतलें. मूल खोकलें, पाणी ओकलें, रडूं लागलें, सर्व ठीक. आम्ही त्या मुलाकडेच पाहत होतों असें म्हटलें तरी चालेल, परंतु तें बुडत आहे असें आम्हांस मुळींच वाटलें नाहीं. त्याचें तोंड पाण्याच्या पातळीशीं होतें, हात बाजूस पसरलेले, आणि तें गप्प होतें. मागाहून मास्तर म्हणाले, “ओरडणारा वांचलेला असतो, गुरुजी. त्याला श्वास असतो म्हणून तो ओरडतो. मी गप्प असणारा बघतो.” शास्त्रहि हेंच सांगतें. बुडणारा मनुष्य बहुधा हांक मारूं शकत नाहीं. श्वासालाच पुरत नाहीं तेथें आवाजास हवा कोठून यावी? चित्रपटांतल्यासारखें हात उंच करून ओरडणें प्रत्यक्षांत फार थोड्या वेळां घडतें, आणि एकदोन मिनिटांत सारा प्रकार आटोपतो. जीं मातापितरें तलावाच्या कांठीं बसून मोबाइलांत डोकें घालतात त्यांनीं एवढा भाग पुन्हां वाचावा.

ह्यानंतर पंधराच दिवसांनीं तेथील चालकांनीं मास्तरांस कळविलें कीं, प्रमाणपत्र नसल्यास पुढील हंगामापासून त्यांस शिकवितां येणार नाहीं. जीवरक्षक म्हणून राहतां येईल, वेतन अर्थातच त्याप्रमाणें. नियम चुकीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. उद्यां कोणीहि उठून शिट्टी गळ्यांत घालील तर तेंहि नकोच. १९६१ सालीं पतियाळास राष्ट्रीय क्रीडासंस्था निघाली तीच मुळीं शिकविणारा शिकलेला असावा म्हणून. पण कागद मागणाऱ्यांनीं तो मिळविण्याची वाटहि दाखवावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे. मास्तर बारावी झालेले, पोहण्याची परीक्षा डोळे मिटून देतील असे. अडचण होती ती लेखी भागाची. शरीररचना, श्वसन, व्यायामाचें नियोजन, प्रथमोपचार. आणि टिपणें सारीं इंग्रजींत.

हीं टिपणें मिळालीं बोरीवलीस. तेथें आमच्या सूनबाईंच्या माहेरच्या ओळखीच्या एक बाई सकाळीं स्त्रियांचा आणि मुलींचा वर्ग घेतात. लहानपणीं त्या राज्य पातळीवर पोहत. दहावीचें वर्ष आलें तसें घरांतून थांबविलें. क्लोरिननें केस जातात, रंग रापतो, पुढें स्थळें पाहावयाचीं, ही सर्वांस परिचित असलेली कारणमालिका. चौतिसाव्या वर्षीं, दोन मुलें झाल्यावर, त्या पुन्हां पाण्यांत उतरल्या आणि शिक्षकाचें प्रमाणपत्र घेऊन आल्या. त्यांच्या वर्गांत आम्हीं डोकावलों नाहीं, तें शोभलेंहि नसतें. पण बाहेर बसून बाईंशीं बोललों. डॉली नाझीर आणि आरती साहा १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत पोहल्या, साहांनीं १९५९ सालीं इंग्लिश खाडी पार केली, मुंबईच्या अनिता सूद ह्यांनीं १९८७ सालीं ती पार केली. ह्या गोष्टी मुलींस ठाऊक असाव्यात म्हणून बाईंनीं त्या एका फळ्यावर लिहून ठेवल्या आहेत. तरीहि तेरा-चौदा वर्षांच्या मुली गळतात. कारणें तींच, फक्त दहावीच्या जागीं आतां क्लासेस आले आहेत. उलट चाळिशीच्या बायका वाढत आहेत! मुलांस आणून सोडतां सोडतां त्यांच्याच मनांत येतें. आमच्या सूनबाईंनीं एके दिवशीं घरांत हा विषय काढला, तेव्हां क्षणभर सारे गप्प झाले. तेव्हां आमचें कुटुंबच म्हणालें, “आमच्या वेळेस नदीवर धुणं धुवायला जात होतो, पोहायला कोण देतं? तूं जा. सकाळचा चहा मी बघते.” सूनबाई आतां एकेचाळीस वर्षांच्या आहेत आणि पंचवीस मीटर न थांबतां जातात.

बाईंनीं आपल्या टिपणांची जाड वही आमच्याजवळ दिली. परततांना गाडींत उघडून पाहिली. कान्हेरीच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वींच्या दात्यांनीं पाण्याच्या टांक्यांस ‘पोढी’ म्हणून लेख कोरून ठेवले, ते आम्हीं विद्यार्थ्यांस अनेकदां वाचून दाखविले आहेत. त्याच बोरीवलीहून पाण्याविषयींचा दुसरा एक लेख पिशवींत घालून आम्ही निघालों होतों, आणि त्यांतील अर्धे शब्द आम्हांस लागत नव्हते. डॉक्टर असलेल्या भाच्याची मदत घेतली. मग दर रविवारीं दुपारीं मास्तर मुलुंडास येऊं लागले. आम्हीं त्यांस इंग्रजी नांवांच्या शेजारीं स्कंध, कूर्पर, मणिबंध, जानु, गुल्फ अशीं नांवें लिहून दिलीं. तीं त्यांस इंग्रजीइतकींच परकीं वाटलीं, हें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. मग आम्हीं पद्धत बदलली. त्यांनीं आपल्या अंगावर हात ठेवून सांगावें कीं दम लागतो तेव्हां येथें काय होतें, हात ओढतांना येथें काय ताणतें. आणि आम्हीं त्या जागेचें नांव सांगावें. नांवें मग आठवूं लागलीं. पाण्याच्या विरोधाविषयीं वहींत चार पानें होतीं. त्यांतील एकहि गोष्ट त्यांस नवी नव्हती, कारण वडिलांच्या बोटीचा नाळेकडचा आकार तसा कां असतो हें त्यांस लहानपणापासून ठाऊक. असे अकरा रविवार झाले. आमच्या नातवानें त्या काळांत मास्तरांकडून दोरीच्या सहा गांठी शिकून घेतल्या आणि घरांतील पडद्यांच्या दोऱ्या एकहि सरळ ठेवली नाहीं.

पाण्यांतील परीक्षेंत मास्तरांस उत्तम गुण पडले. लेखींत उत्तीर्ण झाले, फार वर नाहीं, पण झाले. श्रावणांत नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं ते आले ते हातांत पिशवी घेऊन. आमच्या घरांत ह्या पिशवीविषयीं आधीं थोडी धास्ती होती, ती व्यर्थ ठरली. त्यांच्या मातोश्रींनीं पांच नारळ आणि साखर पाठविली होती. चालकांनीं त्यांस पुढील वर्षाचें शिक्षक म्हणून पत्र दिलें आहे. आम्हीं तें मागून घेऊन वाचलें. त्यांत वेळ वाढविली आहे, जबाबदारीचीं सात कलमें नवीं घातलीं आहेत. वेतनाचा आंकडा गेल्या वर्षींचाच आहे.